आर्णीसाठी प्रार्थना

पाळकसाहेब वारल्याला दोन रविवार झाले, तेव्हा चर्चच्या मंडळीतले दोघे जण पांढरकवड्याच्या त्यांच्या घरी आले आणि बराच वेळ पाऊसपाण्याचंच बोलत बसले. शेवटी त्यांतल्या एकाने टोपी गुडघ्यावर फिरवत सांगितलं, की घाई मुळीच नाही, पण नोव्हेंबरात परिषद भरेल, नवे पाळक येतील, त्यांना हे घर लागेल.

"माहीत आहे मला," पाळकसाहेबांची बायको, लुदियाची आई, म्हणाली. "मीही दर वेळी अशीच कुणाच्या तरी मागून शिरले आहे."

तिने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर कपबशा विसळता विसळता लुदियाला म्हणाली, "तू गवईसाहेबांना भेट. आर्णीच्या चर्चमागची खोली रिकामी आहे म्हणतात. बायबलबाईची. मला पगार नको म्हणावं. बायकांत जाईन, आजाऱ्यापाजाऱ्याजवळ बसेन. एवढी खोली दिली की झालं."

लुदिया यवतमाळला मुलींच्या शाळेत शिकवायची आणि तिथल्याच वसतिगृहात एका खोलीत दुसऱ्या बाईंसोबत राहायची. आईला तिथे नेणं शक्य नव्हतं, आणि शक्य असतं तरी आई आली नसती. आईला हवं होतं ते आर्णी. लुदियाला याचं नवल वाटलं नाही. आई मिशनच्या अनाथालयात वाढली होती. तिला तिथे कोणी आणून सोडलं, कुठल्या गावाहून, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. लग्नानंतर ती ज्या गावी नवऱ्याची नेमणूक होईल तिथे गेली. नेमणूक ठरवणार परिषद. मेथॉडिस्ट पाळकाला स्वतःचं गाव नसतं. परिषदेच्या शेवटच्या दिवशी बिशपसाहेब उभे राहून नावं वाचतात, ज्याच्या नावापुढे जे गाव येईल तिकडे त्याने बिऱ्हाड हलवायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही. पपा हे अभिमानाने सांगायचे. पाळकाच्या घराला उंबरठा असतो, पाया नसतो, असं ते म्हणत.  आई परिषद होऊन जाईपर्यंत नवा माठ विकत घेत नसे.

आर्णीला मात्र तिने माठ घेतला होता, आणि परसात लिंबाचं रोपही लावलं होतं. आर्णी हे एकच गाव असं होतं, की जिथल्या बायका ती परगावी निघाली की विचारायच्या, परत कधी येता. ज्याला माहेर नाही त्यालाच या प्रश्नाची किंमत कळते.

आर्णीचं चर्च वस्तीच्या कडेला होतं. दुपारी चर्चच्या पडवीत आई बायकांना लिहायला-वाचायला शिकवायची. त्यांत श्रावणची बायको रुखमाबाई सगळ्यांत मागे आणि सगळ्यांत मोठ्याने बोलणारी. श्रावण रविवारी चर्चची घंटा वाजवायचा. घंटेची दोरी त्याच्याच हातात असायची, दुसऱ्या कुणाला तो धरू देत नसे.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला गेली. ती परत आली ती पांढऱ्या कपड्यांत, दीक्षा घेऊन. त्यांत मंडळीतलीही बरीच घरं होती. पुढच्या रविवारी घंटा वाजली नाही. उपासना आटोपल्यावर श्रावण चर्चची किल्ली घेऊन आला आणि पायरीखाली उभा राहिला. लुदिया तेव्हा तेरा वर्षांची होती. पपांच्या शेजारी उभं राहून तिने ते बोलणं ऐकलं होतं.

"राग मानू नका साहेब," श्रावण म्हणाला. "तुम्ही आमाले मान देल्ला, पन तो चर्चच्या आत. भाईर गावात आमी होतो तेच राह्यलो."

पपांनी किल्ली घेतली. त्यांचे स्वतःचे आजोबा श्रावणच्याच जातीतले, वर्ध्याकडच्या एका गावी बाप्तिस्मा घेतलेले. श्रावण म्हणाला ते त्यांना समजलं नसेल असं नाही. कदाचित फार चांगलं समजलं असेल. त्या दिवसापासून ते घंटा स्वतः वाजवू लागले.

पडवीतला वर्ग बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं. पण दोन दिवसांनी रुखमाबाई पाटी घेऊन हजर. आई तिच्याकडे बघतच राहिली.

"काहून पाहून राह्यल्या बाई अशा?" रुखमाबाई म्हणाली. "धरम बदलला माहा, अक्षर कोठी बदललं? माहा 'क' अजून तसाच कुबडा येते. त्याले सरळ कोन करन?"

आई खूप दिवसांनी पोट धरून हसली होती. पुढे मंडळीतल्या कुणीतरी कुरकुर केली, तेव्हा वर्ग पडवीतून उठला आणि रुखमाबाईच्या अंगणात बसला. आई रोज दुपारी तिकडे जायची. तिथे पाणी प्यायची, कधी भाकरीही खायची. पपा तिला नको म्हणाले नाहीत. ती परतली की विचारायचे, "आल्या का सगळ्या?" आणि ती सांगेल ते ऐकून घ्यायचे.

रिकाम्या बाकांपुढे ते तसाच उपदेश करत राहिले. बाजारात गेले की दीक्षा घेतलेली माणसं त्यांना वाट द्यायची, जयभीम करायची आणि त्यामागे आठवणीने 'साहेब' म्हणायची. कुणी तोंड फिरवलं असतं तर पपांना ते सोपं गेलं असतं, असं लुदियाला मोठेपणी वाटायचं. तिने पपांना त्या काळात बाजारातून लांबच्या वाटेने घरी येताना पाहिलं होतं.

पुढच्या वर्षीच्या परिषदेहून ते परत आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "वणी." आई चुलीपुढे होती. तिने विचारलं, "बिशपसाहेबांना सांगितलं नाहीत?" पपा म्हणाले, "त्यांना सांगायचं नसतं, लुदियाची आई. ऐकायचं असतं." आठ दिवसांत सामान बैलगाडीवर चढलं. माठ आईने रुखमाबाईला दिला.

यातलं काही लुदियाने गवईसाहेबांना सांगायचं ठरवलं नव्हतं. खोलीपुरतंच बोलायचं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती यवतमाळच्या मिशनच्या आवारात त्यांच्या घरी गेली. गवईसाहेब जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांचे सुपरिंटेंडेंट होते. ते आणि पपा एकाच वर्षी पाळक झालेले.

"तुझा बाप माझ्याहून चांगला उपदेश करायचा," ते तिला खुर्ची देत म्हणाले. "म्हणून तर मला ऑफिसात बसवलं."

लुदिया हसली. त्यांनी पपांच्या दफनाच्या वेळी केलेली प्रार्थना तिला आवडली होती, तेही तिने सांगितलं. मग आईचा निरोप सांगितला. गवईसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, वणी चालेल का, दारव्ह्यालाही बघता येईल, तिथे विहीर अगदी दाराशी आहे.

"तिला आर्णीच हवं आहे, साहेब."

"दुसरं कुठलंही गाव माग बेटा. आर्णी नको."

"खोली दिली आहे का कुणाला?"

"नाही दिली." ते खुर्चीत पुढे सरकले. "तिथली मंडळी आत्ता कुठे परत उभी राहते आहे. आणि तुझी आई तिथे कुणाकडे जाईल-येईल, ते तुलाही ठाऊक आहे. जिल्ह्याची कमिटी ऐकायची नाही."

लुदियाला राग आला, पण तिने तो आवाजात येऊ दिला नाही. ती म्हणाली, आईने आर्णीला कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. बिशपसाहेबांनी तिला तिथून एकदा उठवलं, तेव्हा तिने एक शब्द काढला नाही. आता निदान म्हातारपणी तरी तिचं मन राखावं.

"बिशपसाहेबांनी?" गवईसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "बिशपसाहेबांच्या मनात तर तुझ्या बापाला अजून चार वर्षं आर्णीलाच ठेवायचं होतं. असा माणूस तिथे पाहिजे म्हणत होते."

मग तिला हे ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली. त्यांची बायको चहा घेऊन आली, ठेवून गेली. लुदिया कपाला हात न लावता बसून राहिली. ती काही विचारत नव्हती, आणि त्यामुळेच बहुधा त्यांना सांगावं लागलं.

"तो स्वतः आला होता. इथे, तू बसली आहेस तिथेच बसला होता. पोळा नुकताच झाला होता. म्हणाला, मला आर्णीहून काढा. मी म्हटलं, अरे, बाकं रिकामी झाली म्हणून कोणी पळतं का? भरतील परत. तर म्हणाला, बाकांचं नाही." गवईसाहेबांनी चहाचा घोट घेतला. "म्हणाला, माझ्या बायकोचं पाऊल त्या वस्तीकडे वळतं आहे, मला ती आवरत नाही. आज शिकवायला जाते, उद्या त्यांच्यातलीच होईल. रडला बिचारा. पुढे कमिटीसमोरही तेच बोलला. नवऱ्यानेच सांगितल्यावर आम्ही काय समजायचं?"

"ती त्यांना लिहायला शिकवत होती."

"मला कळतं ग. पण कमिटीवर अजून तीच माणसं आहेत, आणि पाळकाच्या तोंडून ऐकलेलं कोणी विसरत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "आईला यातलं काही सांगू नकोस. खोली पडकी आहे म्हणून सांग."

"पडकी आहे?"

"सांगायला काय हरकत आहे," गवईसाहेब म्हणाले.

ते वाईट गृहस्थ नव्हते. तिला फाटकापर्यंत सोडायला आले आणि बसस्थानकापर्यंत जाण्यासाठी सायकलरिक्षा बोलवू का म्हणून विचारलं. ती चालत गेली.

पांढरकवड्याच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर कपाशीची शेतं पळत होती आणि लुदियाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पपांनी बदली मागितली, हे तिला समजू शकत होतं. तिने पुष्कळ वाचलं होतं आणि माणसं लाज लपवायला काय काय करतात हे तिला नवं नव्हतं. ज्या बाजारात लोक वाट देतात तिथे रोज जाणं त्यांना सोसवलं नसेल. ज्यांनी सोडलं त्यांच्याच अंगणातून रोज संध्याकाळी हसतमुख परतणारी बायको सोसवली नसेल. मी हरलो असं म्हणण्याऐवजी त्यांनी बायकोला पुढे केलं. हेही, फार कष्टाने, तिला समजून घेता आलं असतं.

पण पोळा नुकताच झाला होता. आणि परिषद नोव्हेंबरात.

त्यांच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. पपा वेताच्या खुर्चीवर, मांडीवर पवित्र शास्त्र. आई आणि लुदिया खाली चटईवर. डोळे मिटण्याआधी पपा प्रत्येकीला विचारायचे, आज देवाकडे काय मागायचं? लुदिया कधी परीक्षेतले गुण मागायची, कधी शेजारच्या कुत्रीच्या पिलांसाठी घर. आई त्या पावसाळ्यात आणि त्यानंतर रोज एकच मागायची, की आपल्याला आर्णीलाच राहू दे. आणि पपा परिषदेला निघेपर्यंत रोज तिच्यासाठी ते मागायचे. त्यांची प्रार्थना ऐकायला परगावची माणसं यायची, इतकी ती सुंदर असायची. लुदियाला त्यातलं एक वाक्य अजून पाठ होतं. हे प्रभू, या घराचं रोप तू या मातीत लावलंस, तुझी इच्छा असेल तर ते उपटू नकोस.

ते स्वतः यवतमाळला जाऊन उपटून आले होते. आणि घरी परतून, हात धुऊन, त्याच संध्याकाळी खुर्चीवर बसून, आज काय मागायचं म्हणून त्यांनी आईला विचारलं असणार. आईने सांगितलं असणार. मग सगळ्यांनी आमेन म्हटलं असणार, लुदियानेही.

पपा गेल्यापासून ती नीट रडली नव्हती. गाडीत तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ज्या माणसासाठी रडायचं तो कोण होता, हेच जणू आता आधी ठरवावं लागणार होतं. ज्यांनी तिला वाचायला शिकवलं ते पपा, वणीहून नागपूरला गेले की स्वतः उपाशी राहून तिच्यासाठी पुस्तक आणणारे पपा, ते सगळे खरेच होते. त्यांना खोटं ठरवता येत नव्हतं, हीच अडचण होती.

ती घरी पोचली तेव्हा आईने कंदिलाची काच पुसून ठेवली होती. वेताची खुर्ची जागेवर होती आणि तिच्यावर पवित्र शास्त्र. पपा गेल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. दारामागच्या खुंटीवर त्यांचा उपासनेचा काळा कोट होता, तसाच.

"काय म्हणाले साहेब?" आईने विचारलं.

"विचारून सांगतो म्हणाले." लुदियाच्या तोंडून ते किती सहज निघालं.

"मग देतील. नाही म्हणायचं असतं तर लगेच म्हणाले असते." आईने तिला पाणी दिलं. दिवसभर तिने काय काय ठरवलं ते ती सांगू लागली. खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे, तिला पडदा लागेल. परसातलं लिंबू आता फळाला आलं असेल, कोणी तोडलं नसेल तर. रुखमाबाईला नातू झाला असं बाजारात कुणीसं सांगितलं. तिच्या आवाजात इतक्या वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं. लुदिया ऐकत राहिली आणि तिला वाटलं, खोली पडकी आहे एवढं म्हटलं की सुटलो. आई हळहळेल, मग दारव्ह्याला जाईल, दाराशी विहीर असेल, आणि पपांचा कोट खुंटीवर राहील.

कंदील लावून आई चटईवर बसली. "आज तू कर प्रार्थना," ती म्हणाली. "माझ्याच्याने होत नाही अजून. बाकी काही नको मागूस. आर्णीचं माग."

लुदिया तिच्याशेजारी बसली. आईने डोळे मिटले, हात जोडले. साठीला टेकलेला तो चेहरा मागायला बसला की अनाथालयातल्या पोरीसारखा व्हायचा.

"हे प्रभू," लुदिया म्हणाली.

पुढचे शब्द तयार होते. पपांचे शब्द, पपांच्याच चालीत, जिभेवर आलेले. तिला ठाऊक होतं की ते उच्चारले तर ते छान वाटतील, आणि शेवटी आई आमेन म्हणेल.

"आई, डोळे उघड," ती म्हणाली. "आधी आपण दोघी बोलू."

तिने सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, आणि पपांची बाजूही घेतली नाही. गवईसाहेबांनी पपांचे म्हणून सांगितलेले शब्द तिने तसेच्या तसे सांगितले, कारण ते आपल्या शब्दांत सांगणं म्हणजे परत एकदा झाकणं झालं असतं.

आईने कंदिलाची वात जरा खाली केली.

"पोळ्यानंतर म्हणाले?"

"हो."

"रुखमाबाईने भुट्टे पाठवले होते त्या दिवशी," आई म्हणाली. "तुझ्या पपांनी दोन खाल्ले. गोड आहेत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कंदिलाची काच आणायची म्हणून यवतमाळला गेले." तिने कंदिलाच्या काचेकडे बोट केलं नाही, पण लुदियाने तिकडे पाहिलं. "आणली होती काच."

बाहेरून कोणी तरी बैलगाडी नेत होतं. तिचा आवाज हळूहळू लांब गेला.

"वणीला गेल्यावर माझी प्रार्थना बंद पडली होती," आई म्हणाली. "तू लहान होतीस, तुला कळलं नाही. मला बिशपसाहेबांना क्षमा करता येईना. त्यांचं नाव निघालं की छातीत आग व्हायची. मी यांच्याजवळ रडले. म्हटलं, माझ्या मनात देवमाणसाबद्दल द्वेष आहे. तर ते माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले, माझा हात हातात घेतला, आणि एकेक शब्द सांगून माझ्याकडून म्हणवून घेतलं. बिशपसाहेबांना मी क्षमा करते." तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "किती मायेने सांगितलं होतं ग."

लुदियाला तिच्याकडे बघवेना.

"त्या म्हाताऱ्याला मी उगीचच क्षमा केली," आई म्हणाली. तिच्या ओठांवर हसण्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं. मग ती उठली. खुर्चीवरचं पवित्र शास्त्र उचलून तिने फळीवर ठेवलं. खुंटीवरचा कोट काढला, त्याच्या घड्या घातल्या. ती तो फेकेल असं लुदियाला क्षणभर वाटलं. पण तिने तो नीट ट्रंकेत ठेवला, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या, आणि झाकण लावलं.

"प्रार्थना राहिली," लुदिया म्हणाली.

"राहू दे आज." त्या घरात असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. "मला कागद दे."

"रुखमाबाईला लिहायचं आहे? तू सांग, मी लिहिते. तुझे डोळे दुखतील."

"नको. तिला वाचता येतं. मीच लिहीन." आईने कंदील जवळ ओढला. "तिच्या घराच्या बाजूला एक खोली होती, गाईची. आहे का म्हणून विचारते."

"आई, मंडळी काय म्हणेल?"

"जे म्हणायचं ते नऊ वर्षांपूर्वी म्हणून झालंय," आई म्हणाली. "माझ्याच घरातून."

ती पालथ्या ताटावर कागद ठेवून लिहायला बसली. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला लिहावं तशी ठळक अक्षरं, एकमेकांपासून सुटी. प्रत्येक शब्दानंतर ती जरा थांबायची आणि लिहिलेलं परत बघायची, 'क' सरळ आला आहे ना म्हणून.